पिंपळगाव ते गोंदे कनेक्टर झाला तर नाशिकच्या द्वारका चौकाची कोंडी सुटेल का?

इंदिरानगरकर (धागाकर्ता)
काल संध्याकाळी द्वारकाला पस्तीस मिनिटं उभा. पुढे मालेगाव साइडचा कांद्याचा चौदा टायरी, त्याला पुणे रोडला वळायचं, आणि तो वळेपर्यंत मागे बस, रिक्षा, स्कूटी सगळे हॉर्नवर हात ठेवून. लोक म्हणतात उड्डाणपूल आहे की. अहो तो पूल मुंबई-धुळे सरळ जाणाऱ्यांचा, पुण्याला वळणाऱ्याला खाली उतरावंच लागतं, म्हणून २०१३ पासून पूल असूनही चौक आहे तसाच. माझं म्हणणं, पिंपळगाव बसवंतहून निफाडवरून सिन्नरच्या गोंद्यापर्यंत (वाडीवऱ्ह्याजवळचं गोंदे दुमाला नव्हे, दर वेळी घोळ होतो) चार पदरी कनेक्टर, म्हणजे जोडरस्ता, काढा. गोंद्याला समृद्धी महामार्गावर चढायचा-उतरायचा इंटरचेंज आहे, पुणे हायवेही तिथंच. धुळ्याकडचा जड ट्रक शहरात कशाला आणायचा?

निफाडचा द्राक्षवाला
द्वारका तुमची, जमीन आमची! नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारायला काय जातं. बाग म्हणजे नुसती जमीन नसते भाऊ, अँगल, तारा, ड्रिप, शेततळं, आणि नवी लावली तर पहिलं पीक हातात यायला दोनेक वर्षं. समृद्धीला जमिनीचे पाचपट पैसे मिळाले म्हणतात, मिळाले असतील, पण कॅनॉलखालची तसली काळी जमीन परत कुठे मिळते ते सांगा. माझ्या मामांचं रान एका रस्त्याने तिरकं कापलं, विहीर पलीकडे, मोटर चालू करायला तीन किलोमीटरचा वळसा. वर सुरत-चेन्नई महामार्गाच्या नावाने आमच्याकडचे गट नंबर भूसंपादनासाठी आधीच निघालेत, ती टांगती तलवार वेगळीच.

स्टेअरिंगवाला
वीस वर्षं गाडी चालवतोय म्हणून सांगतो, कनेक्टरला टोल लावलात तर एक ट्रक तिकडे जाणार नाही. पिंपळगावला टोल भरला, पुढे पुणे रोडला शिंदे गावच्या नाक्यावर भरायचाय. शेठ भाडं ठरवतो तेव्हाच टोल मोजतो, वरचा खर्च आमच्या खिशातून. रात्री अकरानंतर द्वारका मोकळंच असतं, मग टोल भरून फिरून कोण जाईल?

इंदिरानगरकर
हा मुद्दा पटला. दोन टोल रोडमधला जोडरस्ता टोलफ्री पाहिजे, नाहीतर चकाचक रस्ता रिकामा आणि द्वारका तुंबलेलं. उलट दिवसा शहरात जड गाड्यांना बंदी आणि कनेक्टर फुकट, असं दोन्ही एकदम करा.

पाणथळ
कुणी नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचं नाव घेतलं नाही अजून. गोदावरी-कादवा संगमावरचं ते पाणी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आल्याचं २०२० ला जाहीर झालं, राज्यात पहिलं. निफाडहून सिन्नरकडे सरळ रेघ मारली की तिच्या आसपासच जाणार. चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर डिसेंबरात पहाटे एकदा उभे राहा, मग बोलू.

सिन्नर कामगार
पक्षी बघायला वेळ आहे ज्यांना त्यांना. आम्ही नाशिकरोडहून मुसळगाव एमआयडीसीत शिफ्टला जातो, रोज या ट्रकांच्या मधून, बाईकवर. पुणे रोडची गर्दी निम्मी जरी झाली तरी चालेल, कुठून का होईना.

निफाडचा द्राक्षवाला
मग आहे तो निफाड-सिन्नर रस्ता रुंद करा ना. गावांना छोटे बायपास द्या. त्यावर आमचा ट्रॅक्टर तरी चालेल. समृद्धीवर ट्रॅक्टर घालून दाखवा!

इंदिरानगरकर
दादा, त्याच रस्त्यावर लासलगावला जाणाऱ्या कांद्याच्या ट्रॉल्या, रात्री, मागे लाल दिवा नाही, आणि तिथेच तुम्ही चौदा टायरी सोडताय. ते जमतं का?

निफाडचा द्राक्षवाला
दिवा आम्ही लावू. शंभर रुपयाचा रिफ्लेक्टर येतो. बाग नाही येत शंभरात.

स्टेअरिंगवाला
रुंद केला तर मी जाईन त्यावरून. टोल नाही ना?