मदत हवी आहे: लांबट डोके, चष्मा आणि वाऱ्याचा आवाज यांचा विचार करून हेल्मेट कसे निवडावे?

महामार्गावर ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाने बराच वेळ मोटारसायकल चालवल्यावर, हेल्मेट काढले तरी कानात गुणगुण राहते आणि कपाळाच्या मध्यभागी लाल वळ उठलेला असतो. माझे डोके पुढून मागे लांबट आहे. एक माप मोठे हेल्मेट घालून पाहिले, तेव्हा कपाळावरचा दाब गेला. परंतु मान वळवताना ते सैल फिरू लागले, त्यामुळे सुरक्षिततेच्या दृष्टीने तो पर्याय सोडला. हवेचे झरोके बंद करून आवाजात फरक पडला नाही. हनुवटीखालची फट मफलरने झाकल्यावर मात्र तो स्पष्टपणे घटला, पण काचेवर वाफ धरू लागली आणि चष्म्यामुळे तो त्रास दुप्पट झाला. इअरप्लग वापरतोच आणि पुढेही वापरणार आहे.

नवे हेल्मेट फुल-फेसच हवे आणि तिरकस आघाताचीही चाचणी घेणाऱ्या ईसीई २२.०६ या युरोपीय हेल्मेट-सुरक्षा मानकाचे हवे. याबाबत तडजोड नाही. लांबट डोक्याला बसणारी, गळ्याशी घट्ट आणि तरीही वाफ न धरणारी अशी कोणती मॉडेल्स आपण चष्म्यासह वापरली आहेत, आणि वाऱ्याच्या आवाजाचा अंदाज विकत घेण्यापूर्वी, दुकानात उभ्या उभ्या, कशावरून बांधावा?