प्रार्थना केली, आणि मग थांबावं लागलं – तुमचे अनुभव लिहा

माहीमकरीण: काल बुधवार, नोव्हेनाच्या (नऊ बुधवार करायच्या प्रार्थनेच्या) गर्दीत माहीमला बस अर्धा तास अडकली आणि आई आठवली. तिथल्या सेंट मायकल चर्चमध्ये हा नोव्हेना 1948 पासून चालतो. दादाला नोकरी नव्हती तेव्हा आईने नऊ बुधवार धरले होते. नऊ झाले, काही नाही. दहाव्या बुधवारी ती परत छत्री घेऊन निघाली. मी म्हटलं, "आता कशाला? नऊच असतात ना?" ती म्हणाली, "तू मोजत बस."
ती गेल्यावर तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात विनंतीची चिठ्ठी सापडली, किराण्याच्या बिलामागे लिहिलेली. 'मुलाला नोकरी' खोडलं होतं. खाली 'मुलाला धीर'. मग तेही खोडून 'मला'.
तुमचं सांगा.

कोळीवाडा_77: आम्ही हिंदू, पण सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीला (माउंट मेरी चर्च) जातोच. बाहेर मेणाचे हातपाय, बाळं, घरं मिळतात. सासूबाईंनी घर वाहिलं. फ्लॅट अकरा वर्षांनी झाला.

पोयसरवाला: मेण चांगल्या प्रतीचं घ्यायचं ना 😄

कोळीवाडा_77: सासूबाई म्हणतात बिल्डर कच्चा होता, माउली नाही 😂

भायखळ्याची_नात: आमचे आजोबा जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना करत की वरणावर साय धरायची. एकदा म्हणाले, "प्रभू, आम्हाला शेजाऱ्यासारखं दारुडं केलं नाहीस म्हणून तुझे आभार." आजी मध्येच मोठ्याने "आमेन!" म्हणाली आणि वाढायलाच लागली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटाशेजारी बायबल उघडं, लूकचा 18 वा अध्याय, 'मी या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार' म्हणणाऱ्या परूशाची गोष्ट. आजोबा काही बोलले नाहीत. प्रार्थना मात्र दोन ओळींवर आली. (शेजारचे काका आजोबांच्या मयतीला सगळ्यात आधी आले होते, हे सांगायचं राहिलं.)

रात्रपाळी: रोझरी (जपमाळ) म्हणता म्हणता तिसऱ्या दशकातच (दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीत) झोप लागते, चालतं का?

पोयसरवाला: येशू गेथशेमानेच्या बागेत प्रार्थना करत होता तेव्हा त्याचे शिष्य पेत्र, याकोब, योहानही झोपले होते. जोडीला चांगली माणसं आहेत.

वांद्रे_लोकल: संत मोनिकाने वाट चुकलेल्या मुलासाठी, ऑगस्टीनसाठी, कितीतरी वर्षं रडून प्रार्थना केली म्हणतात. माझा एकोणीसचा आहे, केस निळे केलेत. मी आत्ताशी सुरुवात केलीय.

माहीमकरीण: 😂😂 निळे तर निळे, केस आहेत ना!

एक_वाचक: लिहू की नको असं झालं होतं. नवऱ्यासाठी केमोच्या वेळी रोज मागितलं. तो गेला. दोन वर्षं प्रभूच्या प्रार्थनेतलं 'तुझी इच्छा पूर्ण होवो' एवढंच वाक्य तोंडातून यायचं नाही, बाकीची प्रार्थना पाठ. चर्चमध्ये सगळे म्हणत तेव्हा मी तेवढ्या ओळीला गप्प उभी राहायचे. आता म्हणते, पण हळू.

भायखळ्याची_नात: ताई 🙏 लिहिलंत हे बरं केलंत.

माहीमकरीण: ताई, बुधवारी मी असते. बाजूला उभ्या राहा, गप्प राहिलात तरी चालेल.

गावठाणातला: विषय थोडा वेगळा. आमच्या क्रुसापाशी मे महिन्यात रोझरी असायची. आजी सांगायची, क्रूस 1896 च्या प्लेगनंतरचा. आम्ही पोरं यायचो ती शेवटी मिळणाऱ्या उकडलेल्या चण्यांसाठी. लिटनी (ओळीने म्हणायच्या विनवण्या) लांबली की पोटात कावळे.

रात्रपाळी: चणे! खोबरं घालून ना?

गावठाणातला: हो, आणि कागदाच्या पुडीत. तळाशी पुडी ओली व्हायची.

रात्रपाळी: आता भूक लागली राव, ड्युटी सहापर्यंत आहे.