येळवशीची सर्दी आणि बागेतला अडुळसा

सेक्रेटरी: सकाळी बागेत गेलो तर अडुळशाला शेंड्याची दोन पानं उरलेली. परवापर्यंत छातीएवढं झाड होतं. कोणी नेलं ते विचारत नाही, पण फांद्या तरी सोडा राव.

ए-४०३ तात्या: अख्खी सोसायटी खोकायलीय, झाड कसं राहील?

बी-३०४: त्यातली चार पानं माझी, सॉरी. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, गावाकडं शेतात जेवायला गेलो होतो. आल्यावर तिसऱ्या दिवशी मोठ्याचं नाक गळायला लागलं, आता सात महिन्यांच्या पिल्लालाही तेच. ताप नाही, पण नाक चोंदलंय, दोन घोट ओढते की सोडून देते. दवाखान्यात संध्याकाळचा नंबर मिळालाय. तोवर काय करू?

ए-१०१ काकू: लेकरांना आंबिल पाजलीस, मग दुसरं काय होणार! मधात सुंठ उगाळून चाटव. माझी चार लेकरं त्याच्यावरच वाढली.

सी-२०२ डॉक्टर: काकू, थांबा!! बाळाला मध नको. एक वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही.

ए-१०१ काकू: आता हे काय नवीन? बाळ जन्मलं की पहिली मधाची बोट चाटवतात आपल्यात.

सी-२०२ डॉक्टर: मलाही चाटवली होती काकू. सगळ्याच बाळांना त्रास होतो असं नाही. पण मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. आपण ते पचवतो. बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, बाळ लुळं पडतं, दूध ओढेनासं होतं. मध उकळला तरी ते मरत नाहीत. मोठ्याला मात्र खुशाल द्या, झोपताना अर्धा ते एक चमचा. खोकल्यावर मध कामाचा आहे हे ब्रिटनच्या सरकारी सूचनांतही आहे.

सी-२०२ डॉक्टर: आणि आंबिलीला बोल लावू नका. सर्दीचे विषाणू दोनशेहून जास्त आहेत, ते माणसाकडून माणसाला लागतात. लागल्यापासून एक ते तीन दिवसांत नाक वाहायला लागतं. शेतातल्या कोपीत किती लेकरं होती?

बी-३०४: 🙈 अकरा. कडब्याच्या एवढ्याशा कोपीत. त्यातली दोन आधीच शेंबडी होती.

बी-१०२ मेडिकलवाले: मग लागलंच की.

ए-४०३ तात्या: *फॉरवर्डेड* कापूर, ओवा, लवंग यांची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो 🙏

बी-१०२ मेडिकलवाले: तात्या, हा २०२१ चा मेसेज आहे, अजून फिरायलाय. कापरानं ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेवढंच. लेकरानं वडी तोंडात घातली तर झटके येतात, घरात उघडा ठेवू नका.

ए-२०४: आणि कृपा करून लेकराला पातेल्याची वाफ देऊ नका. माझ्या भाच्याला चादरीत घेऊन बसवलं होतं. त्यानं पाय हलवला अन् उकळतं पाणी मांडीवर. सर्दी आठ दिवसांत गेली, डाग अजून आहे.

सी-२०२ डॉक्टर: बी-३०४, मेडिकलमधून सलाईनचे नाकाचे थेंब आणा. दूध पाजायच्या आधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब, मग हलक्या हातानं शेंबूड काढा. नाकात तेल नको, ते फुप्फुसात जातं. बाळ शांत झोपलं की झबलं वर करून पोटाकडं बघा आणि मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावून श्वास मोजा. या वयात ५० किंवा त्याहून जास्त आले, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला किंवा दूध निम्म्यावर आलं, तर संध्याकाळची वाट बघायची नाही.

बी-१०२ मेडिकलवाले: माझंही ऐका जरा. सकाळपासून सहा जणांनी 'ती तीन गोळ्यांची पट्टी द्या' म्हणून मागितली. ते अँटिबायोटिक आहे, विषाणूंवर चालत नाही. चिठ्ठीशिवाय मागू नका, मी नाही म्हटलं की तोंड फुगवता.

ए-४०३ तात्या: आम्ही गोळ्याच घेत नाही. काढा! सुंठ, मिरे, तुळस, गवती चहा, वरून लातूरच्या गंजगोलाई बाजारातून आणलेला ज्येष्ठमध मूठभर. दिवसातून चारदा. पंधरा दिवस झाले.

सी-२०२ डॉक्टर: तात्या, परवा पार्किंगमध्ये बीपी वाढलंय म्हणत होता ना? ज्येष्ठमध जास्त झाला की बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. तो आजपासून बंद. बाकीचा काढा घ्या, घशाला बरं वाटेल. त्यानं सर्दी लवकर जाते असं मात्र मी म्हणणार नाही.

ए-४०३ तात्या: 😳 मी तर बीपी उतरावं म्हणून काढा वाढवला.

सी-३०१: मॅडम, माझा पाचवा महिना आहे. अडुळसा चालेल का?

सी-२०२ डॉक्टर: नको. गर्भाशयावर परिणाम होऊ शकतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा. अचानक थंडी वाजून जोराचा ताप, अंग मोडून आलं तर लगेच फोन करा. तो फ्लू असू शकतो, आणि त्यावरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी. गरोदरपणात फ्लूची लस चालते, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

सेक्रेटरी: म्हणजे अडुळसा उगीच ओरबाडला?

सी-२०२ डॉक्टर: उगीच नाही हो. अडुळशातल्या व्हॅसिसीन नावाच्या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन बनलं, कफाच्या कितीतरी सिरपमध्ये असतं ते. पण चार पानांच्या काढ्यात ते किती उतरलं, हे कोण मोजणार?

(संध्याकाळी)

बी-३०४: दवाखान्यातून आलो. छाती साफ आहे म्हणाले. झोपेत श्वास ३८. थेंब टाकल्यावर पूर्ण दूध प्यायली, आत्ता गाढ झोपलीय. मोठा मात्र मध पाहिजे म्हणून खोटं खोटं खोकायलाय.

सेक्रेटरी: ज्यांनी ज्यांनी फांद्या नेल्या, त्यांनी देठ फेकू नका. अडुळसा फांदीवर लागतो. रविवारी कुंपणाशी खोचू, खुरपं मी आणतो.

ए-१०१ काकू: पिल्लासाठी काढलेली मधाची वाटी झाकून ठेवलीय. पाच महिन्यांनी वर्षाची होईल, तेव्हा ताजा आणते. ही वाटी मोठ्याला पाठवून देते, खरं खोकला तरच दे.