१०८ च्या दोघांच्या टीमला कार्डियाक अरेस्टची औषधं कशी शिकवावीत?

प्रशिक्षक_चंद्रपूर

नमस्कार मंडळी. १०८ रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टर आणि पायलटांसाठी (म्हणजे गाडीच्या चालकांसाठी) दोन दिवसांचं प्रशिक्षण लावायचं आहे. विषय हार्ट अटॅक, कार्डियाक अरेस्ट (हृदय बंद पडणं) आणि त्यात लागणारी औषधं. एकूण २४ जण, निम्मे डॉक्टर (बहुतेक बीएएमएस), निम्मे पायलट. सामानात दोन मॅनिकिन (सरावाचे पुतळे), एक बायफेजिक डीफिब-मॉनिटर (शॉक देणारं मशीन) आणि मुदत संपलेली ॲम्प्युल्स भरपूर आहेत.

अडचण अशी की एसीएलएसचा (अरेस्टच्या प्रगत उपचारांचा) कोर्स पाच-सहा जणांची टीम धरून शिकवतात. छाती दाबणारा वेगळा, ॲम्बू बॅगने श्वास देणारा वेगळा, औषधं देणारा वेगळा, वेळ लिहिणारा वेगळा. गाडीत असतात दोघं. तेव्हा विचारतो : पायलटला औषधांच्या सत्राला बसवायचं का? ॲड्रिनॅलिनच्या मात्रा कशा शिकवायच्या? आणि अमिओडॅरोन, ॲडिनोसिन एवढ्या वेळात घ्यायचं की सोडून द्यायचं?

भूलतज्ज्ञ_सातारा

पायलटला बसवाच. ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. पायलट कॉम्प्रेशन (छातीवरचे दाब) नीट देत असेल तरच डॉक्टरचे हात मोकळे होतात, आणि हात मोकळे झाले तरच औषधाचा प्रश्न येतो. त्यामुळे पहिला अर्धा दिवस औषधाचं नावही काढू नका. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कुठलाही थांबा १० सेकंदांच्या आत. दोन मिनिटांनंतर दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून "मी दमलो नाही" हे कारण ऐकायचं नाही. बदलीसाठी तिसरा माणूस लागतो. तो घरातला नातेवाईक किंवा शेजारी असणार, म्हणून त्याला दोन वाक्यांत छाती दाबायला कसं शिकवायचं याचाही सराव घ्या.

दोघांसाठी क्रम असा बसवा. पायलट लगेच कॉम्प्रेशन सुरू करतो. डॉक्टर डीफिबचे पॅड लावतो : एक उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेच्या मधल्या रेषेत. छाती घामेजलेली असेल तर आधी पुसून घ्यायची. मशीन चार्ज होत असताना कॉम्प्रेशन चालूच राहतं. शॉक दिला की पल्स बघत बसायचं नाही, लगेच पुन्हा छातीवर हात. मग ३०:२ प्रमाणे बॅग. आय-जेल (घशात बसवायची श्वासाची नळी) टाकता येत असेल तर उत्तम (५० ते ९० किलोला ४ नंबर), पुढे दर सहा सेकंदांना एक श्वास. त्यानंतर लाईन (शिरेतली सुई). लाईन मिळेना तर टिबियात (नडगीच्या हाडात) आयओ म्हणजे हाडातली सुई, असलं तर. मात्र ऱ्हिदम (हृदयाची लय) ॲसिस्टोल (सपाट रेषा) किंवा पीईए (लय दिसते, पण पल्स नाही) असेल तर हा क्रम थोडा बदलतो. शॉकचा उपयोग नसतो, म्हणून लाईन आणि ॲड्रिनॅलिन जितकं लवकर होईल तितकं.

आता ॲड्रिनॅलिन. आपल्याकडचं ॲम्प्युल १ मिलीचं, त्यात १ मिग्रॅ. 'एकास हजार' आणि 'एकास दहा हजार' ही तीव्रतेची भाषा वर्गात वापरूच नका. फक्त मिग्रॅ आणि मिली बोला.

अरेस्टमध्ये मोठ्या माणसाला अख्खं ॲम्प्युल शिरेतून, पाठोपाठ २० मिली एनएसचा (साध्या सलाईनचा) फ्लश आणि हात १० ते २० सेकंद वर धरायचा. फ्लश विसरला तर औषध कोपरापाशीच पडून राहतं, कारण रक्त जवळजवळ फिरतच नसतं. ही मात्रा दर ३ ते ५ मिनिटांनी. दोघांच्या टीमला सोपं म्हणजे "एक आड एक ऱ्हिदम तपासणीला ॲड्रिनॅलिन". व्हीएफमध्ये (हृदय नुसतं थरथरतं तेव्हा) अमेरिकन पद्धतीत ते दुसऱ्या शॉकनंतर येतं, युरोपियन पद्धतीत तिसऱ्यानंतर. एक पद्धत निवडा आणि सगळ्या बॅचला तीच शिकवा.

ॲनाफिलॅक्सिसमध्ये (ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात) तेच ॲम्प्युल, पण अर्धं : ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. इथंच माणसं दगावतात. पल्स असलेल्या माणसाला अख्खं १ मिग्रॅ शिरेतून दिलं तर बीपी एकदम भडकतं, व्हीटी (खालच्या कप्प्यांतून उठणारी अति वेगवान लय) होऊ शकते, हार्ट अटॅकही येऊ शकतो. म्हणून ॲड्रिनॅलिन ओढण्याआधी डॉक्टरने मोठ्याने विचारायचं, "पल्स आहे का?" आणि पायलटने उत्तर द्यायचं. पायलटला औषधांच्या सत्राला बसवायचं ते यासाठी.

लहान मुलाच्या अरेस्टसाठी १ मिली ॲड्रिनॅलिन अधिक ९ मिली एनएस. आता १ मिलीत ०.१ मिग्रॅ. किलोला ०.१ मिली, म्हणजे १० किलोच्या बाळाला १ मिली. प्रत्येकाकडून हे हाताने करून घ्या, तोंडी नको.

इमर्जन्सी_सिस्टर

सरांनी मात्रांचं सांगितलंच, मी ट्रेबद्दल सांगते. चुका तिथं होतात.

मुदत संपलेली ॲम्प्युल्स सरावाला चांगली, पण त्यांना लाल टेप लावा, मोजून द्या आणि मोजून परत घ्या. एखादं कुणाच्या खिशातून गाडीत गेलं तर उद्या ते पेशंटला जाईल.

सिरिंज आधी ठरवून घ्या. मांडीतल्या ॲड्रिनॅलिनसाठी १ मिलीची, शिरेतल्या औषधांसाठी १० मिलीची, फ्लशसाठी २० मिलीची. आकारच वेगळा असला की घाईत हात चुकत नाही. भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर मायक्रोपोर चिकटवून नाव आणि 'एका मिलीत किती मिग्रॅ' लिहायचं. लेबल नसलेली सिरिंज कुणीही भरलेली असो, फेकायची.

लिग्नोकेनची (बधिर करण्याच्या औषधाची) बाटली दोनदा वाचायला शिकवा. २ टक्के साधं आणि २ टक्के ॲड्रिनॅलिन घातलेलं, दोन्ही मिळतं. दुसरं टाके घालायचं आहे, ते शिरेतून जाता कामा नये. पोटॅशियम क्लोराईडचं १० मिलीचं ॲम्प्युल गाडीच्या ट्रेमध्ये नकोच. डिस्टिल्ड वॉटर समजून ओढलं तर हृदय थांबतं. सोडाबायकार्ब आणि कॅल्शियम एकाच लाईनमधून पाठोपाठ दिलं तर लाईनमध्ये पांढरा साका बसतो, म्हणून मध्ये भरपूर फ्लश. बायकार्बमध्ये ॲड्रिनॅलिनही निकामी होतं.

चंद्रपूरचा उन्हाळा लक्षात घ्या. उन्हात उभ्या गाडीची आतली पेटी बाहेरच्या ४५ अंशांपेक्षाही तापते. औषधं उन्हाच्या बाजूच्या कप्प्यात नकोत. ॲड्रिनॅलिन गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर टाकून द्यायचं. ड्यूटी घेताना फक्त संख्या मोजतात, रंग बघत नाहीत. चेकलिस्टमध्ये रंगाचा रकाना घाला.

प्रशिक्षक_चंद्रपूर

दोघांचेही मनापासून आभार. 'पल्स आहे का?' हे वाक्य पहिल्या तासापासून घेतो. ॲट्रोपिन, अमिओडॅरोन, ॲडिनोसिनचं कुणी सांगाल का? आणि अरेस्ट नसलेल्या, नुसतं छातीत दुखणाऱ्या पेशंटचं?

हृदयरोग_रजिस्ट्रार

छातीत दुखण्यापासून सुरू करतो, कारण असे पेशंट अरेस्टपेक्षा कितीतरी जास्त मिळतील.

पोहोचल्यापासून १० मिनिटांत १२ लीडचा ईसीजी. ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिग्रॅ, चावून. आतड्यात विरघळणारा लेप असलेली गोळी नुसती गिळली तर परिणामाला उशीर होतो, म्हणून चावायला लावायचंच. ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव असेल तर नाही. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच. सगळ्यांना मास्क लावायची सवय मोडा.

जिभेखालच्या सॉर्बिट्रेटबद्दल (छातीत दुखण्यावरच्या गोळीबद्दल) वेगळा अर्धा तास ठेवा. ही गोळी घरोघरी असते आणि निरुपद्रवी समजली जाते. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर द्यायची नाही. सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत (दोन्ही लैंगिक ताकदीच्या गोळ्या) घेतलं असेल तर नाही. हा प्रश्न नातेवाइकांना बाजूला करून विचारायचा, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. ईसीजीच्या लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी भाग वर असेल तर छातीच्या उजव्या बाजूला व्ही४आर लीड घ्यायचा. उजव्या व्हेंट्रिकलचा अटॅक असेल तर तो कप्पा शिरांतून परत येणाऱ्या रक्तावर चालतो. सॉर्बिट्रेटने शिरा सैल पडतात आणि बीपी धाडकन कोसळतं. अशा वेळी पाय वर करा, फुप्फुसं कोरडी असतील तर सलाईन द्या.

ॲट्रोपिन : बीपी पडलेल्या मंद नाडीला १ मिग्रॅ, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिग्रॅपर्यंत. आपलं ॲम्प्युल ०.६ मिग्रॅचं, म्हणजे दोन ओढून साधारण १.७ मिली द्यायचं. भीतीपोटी अर्धं ॲम्प्युल देऊ नये, ०.५ पेक्षा कमी मात्रेने नाडी आणखी मंद होऊ शकते. ॲसिस्टोलसाठी ॲट्रोपिन २०१० मध्येच नेहमीच्या उपचारातून काढलं गेलं, तरी सवयीने दिलं जातं. आणि तुमच्या भागात कीटकनाशकाच्या विषबाधा येतात. तिथं सुरुवातच तीन ते पाच ॲम्प्युल्सनी होते आणि गुण येईना तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट होते. एका केसमध्ये ट्रे रिकामा होईल, म्हणून तो साठा वेगळ्या डब्यात.

अमिओडॅरोन घ्या. व्हीएफमध्ये तिसऱ्या शॉकनंतर ३०० मिग्रॅ, म्हणजे १५० ची दोन ॲम्प्युल्स. पुढे गरज पडली तर १५०. हलवलं की फेसाळतं, हळू ओढायचं. पल्स असलेल्या, स्थिर व्हीटीत १५० मिग्रॅ, १०० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, १० मिनिटांत. भराभर दिलं तर बीपी पडतं. टोर्साड्समध्ये (पीळ पडल्यासारख्या दिसणाऱ्या व्हीटीत) मात्र अमिओडॅरोन नाही, मॅग्नेशियम सल्फेट १ ते २ ग्रॅम. ५० टक्क्यांच्या २ मिली ॲम्प्युलमध्ये १ ग्रॅम असतं.

ॲडिनोसिन (अति वेगवान, नियमित नाडी मोडायचं औषध) ओळख म्हणून सांगा, वापर कंट्रोल रूमच्या डॉक्टरांशी बोलून. ६ मिग्रॅ, मग १२. अर्धायुष्य १० सेकंदांपेक्षा कमी, म्हणून कोपराच्या मोठ्या शिरेत, थ्री-वे लावून, औषध आणि २० मिली फ्लश एका दमात. हाताच्या मागच्या बारीक व्हेनफ्लॉनमधून दिलं की "औषध लागू पडलं नाही" असा निष्कर्ष निघतो. दम्याच्या पेशंटला नको, आणि रुंद, अनियमित ऱ्हिदमला कधीच नको, त्यातून व्हीएफ होऊ शकतं. देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवा आणि पेशंटला आधी सांगा की काही सेकंद फार घाबरल्यासारखं होईल. पल्स आहे पण शुद्ध हरपत असेल, बीपी पडलेलं असेल तर औषधात वेळ न घालवता सिंक करून (ठोक्याशी जुळवून) शॉक.

भूलतज्ज्ञ_सातारा

सिंकवरून एक भर. पल्स असलेल्या व्हीटीला सिंक हवं, व्हीएफला नको. व्हीएफमध्ये बटण चालू राहिलं तर मशीन आर लहर (ईसीजीतलं ठोक्याचं उंच टोक) शोधत बसतं आणि शॉक सुटतच नाही; टीमला वाटतं मशीन बिघडलं. काही मशीन शॉकनंतर सिंकमध्येच राहतात, काही आपोआप बाहेर पडतात. तुमचं कुठलं ते आधी तपासा आणि परीक्षेत मुद्दाम सिंक चालू ठेवून मशीन हातात द्या.

परीक्षा जोडीनेच घ्या, प्रत्येक जोडीला १० मिनिटं. तीनच गोष्टी मोजा : छातीवर हात नसलेले एकूण सेकंद, पहिल्या शॉकपर्यंतचा वेळ, आणि सिरिंजमध्ये प्रत्यक्षात किती मिली ओढलं. तिसरी मोजायला सिरिंज उजेडात धरून बघा, तोंडी उत्तर धरू नका. सिरिंजमध्ये चूक निघाली तर ती जोडी त्याच दिवशी पुन्हा बसेल, आणि तीन महिन्यांनी गाडीवरच अर्ध्या तासाची उजळणी ठेवा.