सुगंधी मेणबत्तीत विहीर पडलीय, मदत हवी आहे

मंडळी, पावसाळ्यात घरात कुबट वास येतो म्हणून यंदा हौसेने मोगऱ्याच्या वासाची मेणबत्ती आणली. काचेच्या ग्लासातली, २०० ग्रॅमची, साडेसहाशे रुपये. (सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात वर्षभराच्या उदबत्त्या आल्या असत्या.) पहिल्या दिवशी अर्ध्या तासातच फुंकून टाकली, जपून वापरावी म्हणून. तेच नडलं. वातीभोवती विहीर खणल्यासारखा खड्डा पडत गेला आणि कडेचं मेण जसंच्या तसं. आता वात इतकी खोल गेलीय की काडी पोचेपर्यंत बोट भाजतं.

पहिल्यांदा पेटवली की वरचं मेण काचेच्या कडेपर्यंत वितळू द्यायचं असतं, हे नंतर कळलं. वातही दर वेळी पेटवण्याआधी ५-६ मिलिमीटर ठेवून कापायची म्हणे. मी कधीच कापली नाही, म्हणून काचेला काजळी धरली असणार.

आता हा खड्डा बुजवता येईल का? वरून फॉइलची टोपी करून, मधे भोक ठेवून कडेचं मेण वितळवतात असं ऐकलंय, कुणी करून पाहिलंय का? की ग्लास गरम पाण्यात ठेवून मेण काढावं आणि नवी वात घालून पणत्यांत ओतावं?

आणि पुढची घेताना सोयाचं मेण घ्यावं की पॅराफिनचं? दुकानात झाकण उघडून हुंगलं की सगळ्याच छान वाटतात, पेटवल्यावर हॉलभर वास कुठली देते ते सांगा. बजेट पाचशेच्या आत. घरात मांजर आहे.