वस्तरा गंजला म्हणजे मालक आळशी?

खाडीकाठ
परवा इथे 'घाटावरचा' यांनी लिहिलं होतं: वस्तऱ्याला गंज चढतो तो मालकाच्या आळसामुळे, खोबरेल चोपडून हवाबंद डब्यात ठेवा, न्हाव्याच्या वस्तऱ्यावर कधी गंज पाहिलात का? खाली सगळ्यांच्या माना डोललेल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी अलिबागजवळ राहतो, परसामागे खाडी. आजोबांचा सोलिंगेनचा (जर्मनीतलं सुऱ्या-वस्तऱ्यांचं गाव) वस्तरा दिवसाआड वापरतो. पहिल्या पावसाळ्यात हेच सगळं केलं होतं, खोबरेल आणि डबा. श्रावणात पाहतो तर धार स्वच्छ, पाठ स्वच्छ आणि खिळीपाशी, जिथे पातं मुठीत शिरतं तिथे, तांबूस भुकटी. पाणी बसतं ते तिथेच. टॉवेल तिथवर पोचत नाही आणि वरून तेल लावलं की ते पाणी आत कोंडून राहतं.

आता मी शेवटी पातं गरम पाण्याने धुतो, तापलेलं पोलाद लवकर सुकतं. टिश्यू पेपरची अरुंद घडी मुठीच्या दोन पट्ट्यांमधून खिळीला घासून आरपार ओढतो. पहिली ओली येते, दुसरी दमट, तिसरी बहुतेक कोरडी. मग पाठीकडून धारेकडे पुसून कापडी पट्ट्यावर दहा फेऱ्या, धारेच्या टोकावरचा ओलावा त्यानेच जातो. रात्रभर वस्तरा उघडा ठेवतो, बाथरूममध्ये अजिबात नाही. सकाळी एक थेंब तेल. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते. खोबरेल नाही.

घाटावरचा
मीच तो. साताऱ्यात राहतो, अकरा वर्षं खोबरेलच लावतोय, एक ठिपका नाही. तुम्ही ओला वस्तरा डब्यात घातलात, दोष तेलाला कशाला?

खाडीकाठ
साताऱ्याच्या हवेत मीठ नाही. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की उघडं पोलाद झपाट्याने गंजायला लागतं आणि पात्यावर मिठाचा अंश असेल तर त्याच्याही आधी. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा साठच्या खाली येतच नाही. तुमचा अनुभव खरा आहे, पण तो साताऱ्याचा आहे.

आडसुळे_विळी
खोबरेलावर राग काढू नका. आमच्या घरी विळी, कोयता, अडकित्ता, सगळ्याला खोबरेलच. जवसाच्या तेलासारखं ते सुकून चिकट होत नाही. शेंगदाण्याचं लावून बघा, महिन्यात पातं मुठीला चिकटतं.

खाडीकाठ
चिकट होत नाही, मान्य. पण खवट होतं आणि खवट तेलात आम्ल असतं. विळी तुम्ही रोज धुता, खवट व्हायला वेळच मिळत नाही.

धोकटीवाला
'न्हाव्याच्या वस्तऱ्यावर गंज पाहिलात का' या वाक्यावर मला बोलायचंय. हो, पाहिलाय. माझ्या वडिलांच्या.

संगमेश्वर तालुक्यात आमची तीन वाड्यांची बलुतेदारी होती. वर्षाला भात मिळायचं, त्यातही काही घरं पायली मारायची. धोकटी, म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी, चामड्याची, पावसात भिजून जड झालेली आणि वस्तरा त्यातच. तुमच्या सगळ्या नियमांप्रमाणे तो आठवड्यात गंजायला हवा होता. गंजला नाही, कारण दिवसातून पंधरा वेळा बाहेर यायचा, पुसला जायचा, पट्ट्यावर आणि शेवटी तळहातावर फिरायचा. मग वडील विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळले. उठल्यावर धोकटी सोडली, तर वस्तरा उघडेना. नखाने उघडताना खिळीतून करकर आवाज आला, तो मला अजून आठवतो. रोज राबणाऱ्याचा वस्तरा गंजत नाही. तुम्ही जपून ठेवता म्हणून तुमचा गंजतो.

ब्लेडच_बरं
एवढा खटाटोप कशाला? अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा घ्या, दाढी झाली की ब्लेड टाका. गंजही नाही, रोगही नाही. जुन्या वस्तऱ्यांनी गावोगाव काय पसरवलं ते विसरू नका.

धोकटीवाला
काय पसरवलं, स्पष्ट लिहा. माझे वडील प्रत्येक दाढीनंतर वस्तरा उकळत्या पाण्यात बुडवायचे. ज्यांनी त्यांना ओटीवर कधी बसू दिलं नाही, त्यांच्या घरचा तांब्यासुद्धा त्यांच्याइतका स्वच्छ नव्हता.

पॅथॉलॉजी_लॅब
रागावू नका, पण वस्तरा नुसता बुडवून काढणं पुरत नाही. हिपॅटायटिस बी सामायिक वस्तऱ्याने पसरतो आणि गंजाने पडलेल्या खड्ड्यांत रक्त अडकलं तर ते धुऊन निघत नाही. दुकानात दर माणसाला नवं ब्लेड हवंच. घरी एकट्याने वापरायचा वस्तरा ही वेगळी गोष्ट.

धोकटीवाला
तुमचं बरोबर आहे. नव्वदच्या दशकात एड्सची भीती आली तेव्हा वडिलांनी स्वतःच ब्लेडचा वस्तरा आणला, कोणी सांगावं लागलं नाही. मला टोचलं ते 'पसरवलं' या शब्दाने. तो शब्द मागे घ्या.

ब्लेडच_बरं
शब्द मागे घेतो. ब्लेडबद्दलचं मत तेच राहील.

पेटारा
मूळ विषयावर येतो, कारण हवाबंद डब्याने माझं नुकसान झालंय. दोन वस्तरे एका स्टीलच्या डब्यात ठेवले होते. एकाची मूठ शिंगाची, दुसऱ्याची कासवाच्या पाठीसारखी दिसणारी. सोबत निळ्या सिलिका जेलची पुडी, ओल आली की मणी गुलाबी होतात. सात महिन्यांनी उघडलं तर मणी निळेच, म्हणजे डबा कोरडा. आणि दोन्ही पाती गेलेली. कासवी मुठीच्या पात्यावरचा गंज तर नेमका मुठीच्या आकाराचा, जणू छापा मारलाय.

ती मूठ सेल्युलॉइडची होती. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट केलेला सेल्युलोज आणि कापूर. म्हातारं झालं की ते आतून कुजतं, त्याच्या वाफा निघतात आणि ओलाव्याचा जरासा अंश मिळाला की त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. जुन्या सिनेमाच्या नायट्रेट फिल्म याच जातीच्या, २००३ साली पुण्यात जळल्या त्या. बंद डब्यात त्या वाफांना वाट नसते, म्हणून शेजारचा शिंगाच्या मुठीचा चांगला वस्तराही गेला. असा वस्तरा उघड्या हवेत आणि एकटा ठेवा. मूठ अंगठ्याने जोरात चोळा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. आंबट, नाकात झोंबणारा वास आला तर आजच पातं सोडवून मूठ वेगळी करा.

घाटावरचा
माझ्या एका वस्तऱ्याची मूठ पिवळट आहे, मी हस्तिदंत समजत होतो. आत्ता चोळून पाहिली. देवघरासारखा वास येतोय.

पेटारा
झोंबतोय का?

घाटावरचा
नाही, नुसता कापूर. तरी डब्यातून काढलाय, खिडकीपाशी फळीवर ठेवलाय. 'आळशी' लिहिलं ते चूक होतं. खोबरेल मात्र सोडणार नाही.

खाडीकाठ
साताऱ्यात नका सोडू. पण एकदा टिश्यूची घडी खिळीतून ओढून बघा आणि रंग काय येतो ते इथे लिहा.

घाटावरचा
ओढली. टोकाला तांबूस आहे.