वळवाचा थेंब, मातीतला बुडबुडा आणि वास

प्रश्न (यंत्र अभियांत्रिकी, तृतीय वर्ष, पुणे)
मे महिन्यात वळवाचे चार थेंब पडले, की मातीचा वास दरवळतो. जुलैत धो धो पाऊस कोसळत असताना मात्र तो जवळजवळ येत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक कलन बुई यांनी या वासाचा संबंध बुडबुड्यांशी जोडल्याचे वाचनात आले. वास हा रसायनशास्त्राचा विषय असताना अभियंत्याने त्यात नेमके काय शोधले, आणि पदवीच्या प्रकल्पाला हा विषय झेपेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
वासाचे मुख्य द्रव्य, म्हणजे जिओस्मिन, मातीतील स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू तयार करतात, हे रसायनशास्त्राने आधीच सांगितले होते. ते हवेत कसे उडते, हा प्रश्न द्रवगतिकीचा, म्हणजे द्रवांच्या हालचालीच्या शास्त्राचा आहे. बुई आणि त्यांचे सहकारी यंगसू जुंग यांनी २०१५ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवले, की सच्छिद्र मातीवर थेंब आपटून पसरताना छिद्रांतील हवा त्याच्या तळाशी सापडते, तिचे बुडबुडे सोड्यासारखे वर येतात आणि फुटताना सूक्ष्म तुषार उडवतात. पाण्याचे पृष्ठताण (पृष्ठभाग आक्रसून घेणारी ओढ) मीटरला ०.०७२ न्यूटन धरले, तर बुडबुड्याचा १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पडदा फुटल्यावर सुमारे १२ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे सरकतो. एवढ्याशा बुडबुड्याकडून ही अपेक्षा कोणी करणार नाही! थेंबाचा वेग आणि माती पाणी शोषण्याची गती यांचा मेळ बसला तरच हे घडते, म्हणून रिमझिम किंवा मध्यम पावसात तुषार जास्त, तर जोरदार पावसात कमी उडतात. बुई आणि जुंग यांच्या २०१७ च्या कामानुसार मातीतील जिवाणूही याच वाटेने हवेत जातात, आणि माझ्या मते हा भाग वासापेक्षा महत्त्वाचा आहे.

उत्तर २
वरील विवेचन योग्य आहे, परंतु मे आणि जुलै यांची तुलना सरळ नाही. जुलैत माती आधीच भिजलेली असते, छिद्रांत हवेऐवजी पाणी असते, त्यामुळे बुडबुड्याला कच्चा मालच उरत नाही. पावसाच्या जोराचा परिणाम पाहायचा असेल, तर दोन्ही वेळा कोरडीच माती घ्यावी लागेल.

उत्तर ३
प्रकल्प झेपेल, अडचण कॅमेऱ्याची आहे. इंजेक्शनच्या सुईतून सुटलेला ३ मिलिमीटरचा थेंब १ मीटरवरून सोडला, तर तो सुमारे ४.४ मीटर प्रतिसेकंद वेगाने आपटतो आणि एक मिलिसेकंदाच्या आत चपटा होतो. मोबाइलचे सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण दर ४ मिलिसेकंदांनी एक चौकट टिपते, म्हणजे हवा अडकण्याचा क्षण दोन चौकटींच्या मधेच निसटतो. महाविद्यालयात वेगवान कॅमेरा नसेल, तर थेंबाच्या आतले चित्रण सोडून द्यावे आणि आसपास काचपट्ट्या ठेवून रंगीत पाण्याचे डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजावेत. मात्र थेंब आपटताना उडालेले मोठे शिंतोडे आणि बुडबुड्यांचे तुषार यांत गल्लत होऊ देऊ नये. त्यासाठी तीच चाचणी गुळगुळीत काचेवरही करून पाहावी, कारण तिथे छिद्रांतील हवा नसते. नमुन्यासाठी काळी माती आणि टेकडीवरचा बारीक मुरूम, दोन्ही ओव्हनमध्ये वाळवून घेतलेले, हे पुण्यात सहज मिळेल.